शनिवारी रात्री आई-बाबांसोबत बघायला जुने प्रेमविनोदी आणि हाणामारीचे चित्रपट सुचवा

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. मी साखळीचा, नोकरी वेर्ण्याला. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहतो, शनिवारी दुपारी घरी येतो. जूनमध्ये आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वर हा पाऊस, त्यामुळे तिचं देवळात जाणं, शेजारी बसायला जाणं सगळंच थांबलंय. म्हणून शनिवारी जेवणं आटोपली की तिघांनी मिळून एक चित्रपट बघायचा असं ठरवलं.

मला सिनेमातलं फार कळत नाही. कॉलेजात असताना जे लागेल ते बघायचो, आवडायचंही. तेव्हाचेच चित्रपट पुन्हा बघावेत म्हणून सुरुवात केली आणि दोन शनिवार फुकट गेले. पहिला प्रेमविनोदी होता. मला तो फार गोड वाटायचा. आता बघितला तर अर्धा चित्रपट नायक त्या मुलीच्या मागे मागे फिरतोय, ती नको म्हणतेय आणि गाणं चालूच. आई म्हणाली, "हिच्या बापाला कुणी सांगत कसं नाही?" मला तिच्याकडे बघवेना. दुसरा हाणामारीचा. त्यात कोण कुणाला मारतंय तेच कळेना. बाबा वीस मिनिटांत झोपले.

आईला मराठी, हिंदी, कोंकणी कळते. इंग्रजी चालेल, पण खालच्या ओळी तिला तितक्या भरभर वाचता येत नाहीत. बाबा तीस वर्षं खनिजाच्या बार्जवर होते. त्यांना मारधाड आवडते, पण खोटी नको. साधारण दोन तासांचे, तिघांना मिळून बघता येतील असे सुचवा. नुसती नावं नकोत, का बघायचे तेही सांगा.

सोलकढी

यात विचार करायचा काय! 'अशी ही बनवाबनवी', १९८८. आमच्याकडे चवथीला सगळी भावंडं जमली की आरत्या झाल्यावर हाच लागतो. संवाद तोंडपाठ आहेत, तरी बघतो. गुडघ्याचं दुखणं घटकाभर विसरायला दुसरं औषध नाही.

रीळ नंबर सात

वाळवंटीकाठ, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी बार्देशातल्या एका टॉकीजच्या केबिनमध्ये चौदा वर्षं यंत्रावर होतो. एक रीळ साधारण वीस मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल. त्यामुळे मी चित्रपट कधी सलग बघितलाच नाही. एक डोळा ठिपक्यावर आणि एक झरोक्यातून खालच्या माणसांवर. पण कुठल्या रिळाला माणसं सोडा प्यायला उठतात आणि कुठल्या रिळाला बाहेरचा सोडावालाही आत येऊन भिंतीला टेकून उभा राहतो, ते मला पाठ झालं होतं.

त्यावरून मला कळलेलं सांगतो. हाणामारीत कोण कुठे उभा आहे हे बघणाऱ्याला कळत असेल तर माणसं जागची हलत नाहीत. 'शोले'तली मालगाडीची मारामारी आठवा. इंजीन पुढे, डबे मागे, बाजूने घोडे. कुठल्या बाजूने कोण चढतोय ते पिटातल्या पोरालाही समजायचं. तुमच्या बाबांना झोप लागली ती वयामुळे नाही. त्या चित्रपटात कॅमेरा इतका हलत असणार की जागेचा पत्ताच लागत नसेल.

आणि हसवणाऱ्या प्रेमकथेत कुणीतरी काहीतरी लपवत असलं पाहिजे आणि ते आपल्याला माहीत असलं पाहिजे. मग प्रत्येक साध्या वाक्याला हशा येतो. अशा चित्रपटांना मी आवाज जरा चढवून ठेवायचो, नाहीतर हशात पुढचं वाक्य बुडायचं. 'बनवाबनवी'त दोन पुरुष बायका बनून राहतात, हे घरमालकीण सोडून सगळ्या थेटराला ठाऊक. नायक नुसता मुलीच्या मागे फिरतो त्या चित्रपटात लपवलेलं काहीच नसतं. गाणी जुनी झाली की हातात काही उरत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की जोडीने बघा. एका शनिवारी प्रेमविनोदी, पुढच्या शनिवारी हाणामारी, पण माणसं तीच. १९७५ सालीच घ्या. एप्रिलमध्ये 'चुपके चुपके' आला आणि ऑगस्टमध्ये 'शोले'. दोन्हींत धर्मेंद्र, अमिताभ, जया भादुरी आणि असरानी. पहिल्यात धर्मेंद्र वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक, पण बायकोच्या भावोजींची गंमत करायची म्हणून ड्रायव्हर होऊन शुद्ध हिंदीत बोलतो. भावोजी झालेल्या ओमप्रकाशचा चेहरा बघत राहावा. आईंना सांगा, त्यात उषा किरणही आहेत. चार महिन्यांनी तोच धर्मेंद्र हातात बंदूक घेऊन उभा. पाठोपाठ बघितले की नट म्हणजे काय ते कळतं.

'शोले'त इमामसाहेबांचा मुलगा झालेला पोरगा म्हणजे सचिन पिळगांवकर. पुढे तेरा वर्षांनी 'बनवाबनवी' त्यानेच दिग्दर्शित केला. तेव्हा तीन शनिवारांची माळ तयार आहे.

वाळवंटीकाठ

काका, मनापासून आभार. पण 'शोले' तीन तासांच्या वर जातो ना? आईला इतका वेळ पाय खाली सोडून बसवत नाही.

रीळ नंबर सात

मध्यंतराला थांबवा, उरलेला रविवारी बघा. मध्यंतर त्यासाठीच असतं. फक्त मौसीकडे लग्नाची मागणी घालायचा प्रसंग मध्येच तोडू नका. पूर्ण चित्रपटातलं सगळ्यात सुरेख प्रेमविनोदी रीळ ते.

कुळागर

वाळवंटीकाठ, आईंची ती प्रतिक्रिया वाचून थांबले. माझंही अगदी तसंच झालं होतं, सासूबाईंसोबत बघताना. त्यामुळे नावाबरोबर थोडी सूचनाही देते.

'छोटी सी बात' (१९७६) बघाच. अमोल पालेकर, विद्या सिन्हा, बसस्टॉप, ऑफिस, कॅन्टीन. लाजाळू माणसाची घालमेल इतक्या हळुवारपणे फार थोड्यांनी दाखवली आहे. मात्र खंडाळ्याला कर्नलसाहेब त्याला मुलगी कशी जिंकायची याचे धडे देतात, तो भाग आज खटकतो. मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पण मुलीलाही सगळं दिसतंय की." आणि ते खरं आहे. विद्या सिन्हाचे डोळे नीट बघा.

त्याहून जवळचा वाटेल तो 'बातों बातों में' (१९७९). दिग्दर्शक तेच, बासू चटर्जी. वांद्र्याचं ख्रिस्ती कुटुंब, लोकलमधली ओळख, लेकीच्या लग्नासाठी जीव टाकणारी आई. आमच्या शेजारच्या घरातलंच बोलणं ऐकतोय असं वाटतं. इथे मुलगीही अडते, विचार करते, रागावते. तुमच्या आईंना कुणाच्या बापाला निरोप धाडावा लागणार नाही.

सड्यावरची

मी वास्कोची. तुमचे बाबा बार्जवर होते हे वाचलं आणि राहवेना. त्यांना 'द सी वुल्व्ह्ज' दाखवा. १९८० चा, चित्रीकरण आपल्या गोव्यात झालंय आणि गोष्टही मुरगाव बंदराची, खरीखुरी.

मार्च १९४३. गोव्यात पोर्तुगीज, युद्धात तटस्थ. त्यामुळे जर्मन जहाजं बंदरात आसरा घेऊन होती. त्यातल्या एरेनफेल्स या जहाजावरून बिनतारी यंत्राने पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा वहीम. तटस्थ मुलखात सैन्य धाडता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले मध्यमवयीन व्यापारी आणि नोकरदार निघाले. आणि कशातून? फीबी नावाच्या, गाळ वाहणाऱ्या जुन्या बार्जमधून. कलकत्त्याहून तो बार्ज पूर्ण द्वीपकल्पाला वळसा घालून इथवर आला. माझे आजोबा तेव्हा सड्यावर राहायचे. रात्री बंदरात आग दिसली आणि सकाळी कुणी त्याबद्दल मोठ्याने बोलेना, एवढंच ते सांगत.

चित्रपट इंग्रजी आहे आणि थोडा संथही. पण बाबांना गोष्ट आधी सांगून ठेवलीत तर संवादांवाचून अडणार नाही. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन. पेक आणि निव्हन दोघेही साठी ओलांडलेले, तरी धाप लागत का होईना, जिना चढतात. खोटी मारधाड नको म्हणालात ना, ती ही.

काकांच्या जोडीच्या सल्ल्याला धरून त्याआधीच्या शनिवारी याच ग्रेगरी पेकचा 'रोमन हॉलिडे' (१९५३) लावा. राजकन्या राजवाड्यातून पळते, पत्रकाराला ती कोण ते कळतं. तो आपण पत्रकार आहोत हे लपवतो, ती आपण राजकन्या आहोत हे लपवते. काकांचा नियम इथे दुहेरी लागू. खोटं बोलणाऱ्याचा हात तोडतं म्हणतात त्या दगडी तोंडात हात घालायच्या प्रसंगात पेकने हात बाहीत ओढून घेतला, ते ऑड्री हेपबर्नला आधी सांगितलं नव्हतं. तिची किंकाळी खरी आहे. या भूमिकेला तिला ऑस्कर मिळालं. कृष्णधवल आहे म्हणून आई आधी नाक मुरडतील, पण दहा मिनिटं थांबा.

तिखट मिरची-पाव

भाषेची अडचण असेल तर मूकपट का नाही? बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६). तास-सव्वा तासाचा. आगगाडीचा इंजीनचालक, त्याचं प्रेम इंजिनावर आणि एका मुलीवर, आणि शत्रूने दोन्ही पळवलेली. म्हणजे प्रेमविनोदी आणि हाणामारी एकाच तिकिटात. पूल कोसळून इंजीन नदीत पडतं ते खरं इंजीन आहे, खेळण्यातलं नाही. कीटन धावत्या गाडीवर जे करतो तेही स्वतःच करतो. मधल्या पाट्या थोड्याच, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. यूट्यूबवर फुकट मिळतो, फक्त स्वच्छ केलेली प्रत आणि बरं पियानोसंगीत असलेली निवडा. धुरकट प्रतीत अर्धी मजा जाते.

बाबांसाठी आणखी दोन, तेही जोडीने. 'डाय हार्ड' (१९८८) आणि 'स्पीड' (१९९४). पहिल्याचा छायालेखक यान द बाँट, दुसऱ्याचा दिग्दर्शक तोच. एकात एकच इमारत, दुसऱ्यात बहुतेक वेळ एकच बस. ताशी पन्नास मैलांच्या खाली आली की स्फोट, हे एकदा कळलं की भाषा लागतच नाही. 'डाय हार्ड'मध्ये शिव्या आणि रक्त आहे, आई झोपल्यावर लावा. पण बाबांना एवढं सांगा की तो माणूस अनवाणी काचांवरून चालतो तो दुरावलेल्या बायकोसाठी. माझ्या लेखी ती संसाराचीच गोष्ट आहे.

वाळवंटीकाठ

मंडळी, पाच आठवड्यांनी परत येतोय. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

'चुपके चुपके'ला आई इतकी हसली की पायाखालची उशी घसरली. 'शोले' दोन दिवसांत, काकांनी सांगितल्याप्रमाणे. मध्येच लाइट गेली, तर बाबांनी पुढची गोष्ट अंधारात तोंडी सांगायला घेतली. मालगाडीवर कोण कुठून आला ते त्यांना एकोणीसशे पंच्याहत्तरचं आठवत होतं. 'द जनरल'च्या पाट्या मी वाचत होतो, पण दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, "कळतंय, तू गप बस."

'रोमन हॉलिडे'ला मी शेजारी बसून भाषांतर करत होतो. पुढे पुढे तेही लागेनासं झालं. दगडी तोंडाच्या प्रसंगाला आई खरंच ओरडली. शेवट झाल्यावर मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं केलं, लग्न नाही लावलं ते."

आणि काल 'सी वुल्व्ह्ज'. सड्यावरची ताई, तुमचे उपकार. बाबा मुरगाव म्हटलं की एरवीही बोलतात, पण काल त्यांनी चित्रपट तीनदा थांबवायला लावला. गाळाचा बार्ज कसा असतो, तळाला दारं असतात ती कशी उघडतात, असा बार्ज लाटेत किती रडतो, सगळं. शेवटी स्टीलचं ताट मांडून त्यात पाणी घातलं आणि काडेपेटीचा बार्ज करून आईला दाखवलं की समुद्राकडून येताना आडोसा कुठे मिळतो. तीस वर्षं त्या पाण्यात काढलेल्या माणसाला घरात कुणी असं विचारलंच नव्हतं. मीही नाही.

आई ताटाकडे बघत होती, मग टीव्हीकडे बघून म्हणाली, "हा पांढऱ्या केसांचा, परवा स्कूटरवर होता तोच ना रे?"

येत्या शनिवारी 'बातों बातों में'.