मदत हवी आहे: बी450 मदरबोर्डावर रायझन 5600 प्रोसेसर बसवण्याआधी बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कसा अपडेट करू?

सध्याचा सेटअप असा: गिगाबाइट बी450एम डीएस3एच, रायझन 5 2600, 8 जीबीच्या दोन रॅम (2666), जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड, 450 वॉटचा पॉवर सप्लाय. व्हिडिओ एडिटिंगला प्रोसेसर कमी पडतोय, म्हणून रायझन 5 5600 घ्यायचा विचार आहे. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच, एएम4. दोन्ही प्रोसेसर 65 वॉटचे, त्यामुळे पॉवर सप्लायची चिंता नाही. 5600 मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नसतं हे माहीत आहे. 1650 तसंच ठेवणार. नवीन बोर्ड आणि डीडीआर5 रॅम बजेटमध्ये बसत नाही, कृपया तो पर्याय सुचवू नका.

अडलंय ते बायोसपाशी. माझा बायोस 2019 चा आहे. कंपनीच्या साइटवर बोर्डाची रिव्हिजन (आवृत्ती) जुळवून सीपीयू सपोर्ट लिस्ट पाहिली, 5600 त्यात आहे, पण नव्या बायोससोबत. त्याआधी ईसी एफडब्ल्यू अपडेट टूल (बोर्डावरच्या एम्बेडेड कंट्रोलर चिपचं फर्मवेअर अपडेट करणारं) चालवा अशीही सूचना दिसते. दुकानदार म्हणतो, "थेट प्रोसेसर बदला, चालेल." मला ते पटत नाही, जुन्या बायोसवर स्क्रीनच आली नाही तर काय करायचं? त्यात आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधीही जाते, म्हणजे अपडेट अर्ध्यावर तुटण्याची भीती. यूपीएस आहे, पेनड्राइव्ह एफएटी32 फॉरमॅट करून ठेवलाय, जुना प्रोसेसर अजून बोर्डावरच आहे.

हाच बोर्ड ज्यांनी अपडेट केलाय त्यांनी सांगा: ते टूल चालवल्यावर थेट शेवटचा बायोस टाकला तर चालतो, की मधलं एखादं व्हर्जन आधी टाकावंच लागतं?