सुनेचा दम्याचा पंप मीच बंद करायला लावला, बाळाला काही झालं असेल का? मदत हवी आहे

नमस्कार. मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. सूनबाईला चोविसावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण. दमा तिला लहानपणापासून आहे, सोयरीक जुळवतानाच तिच्या आईनं सांगितलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइडचा पंप घ्यायची.

तिसऱ्या महिन्यात मीच म्हटलं, "अगं, त्यात स्टिरॉइड असतं म्हणे. पोटातल्या जिवाला कशाला? थोडे दिवस कळ काढ." ती उलट बोलली नाही. पंप कपाटात गेला. डॉक्टरांना आम्ही विचारलंच नाही.

शेजारी टॉवेलचे यंत्रमाग आहेत. खिडकीची जाळी सकाळी पुसली तरी दुपारी बोट ओढलं की रेघ उमटते. त्यात गड्ड्याच्या जत्रेला तासभर धुळीत फिरून आलो. दोन दिवसांनी रात्री अडीचला उठून बघते तर पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेली, छातीतून शिट्टीसारखा आवाज. "आई" म्हणाली, पुढचं वाक्य पुरं होईना. दवाखान्यात बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, ९०. वाफेचं औषध, ऑक्सिजन, सुई. उजाडेपर्यंत ९७ वर आली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून सांगितलं, "मावशी, बाळ स्वतः श्वास घेत नाही. आईच्या रक्तातला ऑक्सिजन वारेतून त्याला मिळतो, आणि त्याच्याकडे मुळात आईपेक्षा कमीच असतो. आईचा घटला की त्याचाही घटतो." दमा असाच वर राहिला तर बाळाचं वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आत प्रसूती होऊ शकते, आईचं बीपीही वाढू शकतं, असंही म्हणाल्या. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट फुप्फुसात जातं, बाळापर्यंत नगण्य पोचतं. हे मला तिसऱ्या महिन्यात कळायला हवं होतं. तेव्हापासून झोप नाही.

विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली होती. पण या अडीच महिन्यांत बाळाची वाढ खुंटली असेल का, ते कशात कळतं? आता पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्यात, त्यांची भीती वाटते. आणि सातव्यात तिला माहेरी पाठवायची रीत. माहेर मोहोळकडे, वस्तीवर. चूल पेटते, आजूबाजूला ऊस तुटला की पाचट जाळतात. पाठवू का?

प्रतिसाद १

काकू, माझी दोन्ही बाळंतपणं दम्यातच झाली, दोन्ही वेळा पंप शेवटपर्यंत चालू होता. पोरं धडधाकट आहेत. तुम्ही स्वतः विचारताय, हे तुमच्या सुनेसाठी फार मोलाचं आहे.

पंप नुसता तोंडात धरून दाबत असेल तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशातच राहतं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावा, सावकाश ओढून दहा आकडे श्वास रोखायचा, मग चूळ भरायची. पीक फ्लो मीटर घ्या, जोरात फुंकलं की श्वास किती वेगानं बाहेर पडतो ते त्यात कळतं. गरोदरपणात दम लागल्यासारखं तसंही होतं, पण मीटरचा आकडा त्यानं पडत नाही. आकडा पडला म्हणजे दमा. मी रोज कॅलेंडरवर लिहायचे.

माहेरी पाचट पेटत असेपर्यंत नको. तिच्या आईलाच तुमच्याकडे बोलवा.

प्रतिसाद २

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, तेवढ्यांचाच कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. वाढायचा तो बहुधा सहाव्या ते आठव्या महिन्यात. शेवटचे चार आठवडे बरेचदा शांत जातात. म्हणजे तुमचे जपायचे दिवस हेच आहेत.

गोळ्यांबद्दल जी शंका घेतली जाते ती मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांची, कारण बाळाचे ओठ-टाळू तेव्हा जुळतात. तो काळ गेला. आत्ता अंगावर काढलेला झटका गोळ्यांपेक्षा घातक. पाच दिवस पूर्ण करा.

वाढीसाठी २८ आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी करून घ्या, डॉप्लर (बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) लागेल का ते तुमच्या डॉक्टर ठरवतील. वजन थोडं मागे असलं तरी पुढे लक्ष ठेवता येतं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली तर सकाळची वाट बघू नका. आराम देणारा साल्बुटामोलचा पंप उशाशी हवा. तो घेऊनही बोलताना दम तुटत असेल तर थेट दवाखाना.

आणखी एक, बाळंतपणाच्या ठिकाणी दमा आहे हे आधीच लिहवून घ्या. रक्तस्राव थांबवायला देतात त्यातलं कार्बोप्रोस्ट दम्यात श्वासनळ्या आवळतं, दुसरी औषधं असतात.

धागा काढणारी

दोघांचे उपकार आहेत. विहीणबाईंना फोन केला, त्या संक्रांतीचं वाण घेऊन येणारच होत्या, आता राहायलाच येतायत. डोहाळजेवण इथंच करू, धूप-उदबत्ती न लावता. मागांच्या बाजूची खोली सोडून तिला पुढच्या खोलीत आणलं.

आज पंप घेतला तेव्हा चुळीसाठी तांब्या घेऊन मीच उभी होते. स्पेसर मिळाला. ते मीटर उभ्यानं फुंकायचं की बसून, आणि तीनदा फुंकल्यावर कुठला आकडा लिहायचा?

प्रतिसाद १

उभ्यानं, काकू. तिन्हींतला सगळ्यात मोठा लिहा. सकाळी पंप घ्यायच्या आधी.