मदत हवी आहे: ट्रेकिंगच्या कपड्यांचं दुसरं दुकान सोलापुरात काढावं का?

माळरान

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट येतात.

आमचा मूळ धंदा शाळेच्या गणवेशांचा. सोलापुरात ही काही नवलाची गोष्ट नाही. अक्कलकोट रोडला घरचं युनिट आहे, मी आणि माझा चुलतभाऊ मिळून बघतो. गणवेशवाल्यांचं वर्ष जूनभोवती फिरतं. मे-जूनमध्ये जेवायला फुरसत नसते आणि ऑगस्ट उजाडला की मशिनी नुसत्या बसून. कारागीर बायकांना "उद्यापासून येऊ नका" सांगायचं जिवावर यायचं. त्या रिकाम्या महिन्यांसाठी म्हणून २०२१ मध्ये ट्रेकिंगच्या पँटी करायला घेतल्या. मग उन्हात घालायचे पूर्ण बाह्यांचे शर्ट आले, मग वाऱ्या-पावसाची पातळ जॅकेटं. आधी ऑनलाइन विकलं, दोन वर्षांपूर्वी पुण्यात कर्वेनगरला छोटा गाळा घेतला. तो गाळा आता स्वतःचं भाडं काढून वर चार पैसे देतो.

आता दुसरं दुकान. भावाचं म्हणणं, कोल्हापूर. तिथं पाऊस आहे, पन्हाळा आहे, पन्हाळा ते पावनखिंड चालणारी पोरं दर पावसाळ्यात हजारोंनी निघतात. जॅकेटं आपोआप खपतील. कोल्हापूर नाही तर सातारा. माझं म्हणणं, सोलापूर. माल इथं शिवतो, माणसं इथली, आणि बदलून द्यायचा पीस दुपारी युनिटवरून आणता येतो. शिवाय ऑर्डरींचे पिनकोड काढून बघितले तर पुण्याच्या ४११ नंतर सगळ्यात जास्त पार्सलं ४१३ ला गेलीत. कोल्हापूरकडचा ४१६ तिसऱ्या नंबरला. मला वाटलं विषय संपला. भाऊ म्हणतो, "सोलापुरात डोंगर दाखव, मग गाळा दाखव."

त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असंही नाही. गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात तीन दिवस स्टॉल लावला होता. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. पँट उचलली, पण किंमत बघितली नाही. आधी उलटी केली, आतली शिलाई बघितली, मग अंगठा आणि बोटात कापड धरून चोळलं आणि म्हणाले, "नायलॉन हाय की हे. ह्याला चौदाशे कशाचे बे?" मी रिपस्टॉप विणीबद्दल बोलायला लागलो, फाटलं तरी चीर पुढं पळत नाही वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं, शिलाईवरनं पुन्हा बोट फिरवलं, "काम चांगलंय" म्हणाले आणि निघून गेले. पुण्यात एकाही गिऱ्हाइकानं आजवर पँट उलटी करून बघितलेली नाही. मला अजून कळलेलं नाही की ही बातमी चांगली की वाईट.

गाळे तीन बघितलेत:
नवी पेठेत, तळमजला, दहा बाय वीस, भाडं ४८ हजार.
जुळे सोलापुरात आसरा चौकाच्या अलीकडे, जवळजवळ दुप्पट जागा, दारात पार्किंग, भाडं ३२ हजार.
सात रस्त्याजवळ पहिला मजला, सगळ्यात स्वस्त, पण जिना असा की मीच वर जाईपर्यंत दोनदा विचार केला.

सांगा, सोलापूर करावं का, आणि केलं तर कुठं?

बाराबंदी

काय करायलास बे हे? मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तिथं तू जॅकेट विकणार? गड्ड्याच्या जत्रेत जानेवारीतली थंडी काय ती आमची थंडी, तेवढ्यापुरती घरची चादर आहे. चादर सोलापूरचीच, जीआय टॅगवाली. :)

भाऊ बरोबर आहे. कोल्हापूर कर.

टपालखातं

धागाकर्ते, तुमचा पिनकोडाचा हिशेब कच्चा आहे. ४१३ म्हणजे सोलापूर शहर नव्हे. बारामती ४१३१०२, दौंड ४१३८०१, लातूर ४१३५१२, धाराशिव ४१३५०१, आणि श्रीरामपूरसुद्धा ४१३७०९. पहिल्या तीन आकड्यांनी टपालाचा विभाग कळतो, गाव कळत नाही. दौंड-बारामतीचा माणूस कपडे घ्यायला पुण्याला जाणार, श्रीरामपूरचा सोलापूरला कशाला येईल? सहाही आकडे घेऊन पुन्हा लावा. शहरासाठी ४१३००१ पासून पुढचे, अक्कलकोट ४१३२१६, पंढरपूर ४१३३०४, बार्शी ४१३४०१, तुळजापूर ४१३६०१.

आणि हीच चूक भावाच्या बाजूनंही आहे बरं का. ४१६ मध्ये सांगली-मिरज आहे, सिंधुदुर्ग आहे. कोल्हापूर शहराचा आकडा त्यातून वेगळा काढा, मग भांडा.

नान्नजची वाट

मी पक्ष्यांचे फोटो काढते. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आणि हिप्परग्याच्या तलावावर वीकेंडला जाणारे आम्ही बरेच आहोत. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, पण धाविक, भोवत्या हे पक्षी आणि काळवीट, लांडगा यांच्यासाठीही माणसं येतात. डोंगर नाही, पण उघडा माळ आहे, आणि माळावर सावली नावाची वस्तू नसते. सकाळी सहाला गेलेला माणूस अकराला परत येतो तेव्हा मान आणि मनगटं करपलेली असतात.

आम्हाला जॅकेट नको. लांब बाह्या, मानेपर्यंत कॉलर, अंगठा अडकवायला भोक असलेली बाही आणि मातकट रंग, एवढं हवं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत जा, सगळं पोपटी नाहीतर भडक केशरी. ते घालून माळावर गेलं की पक्षी तालुका सोडतात.

अजून एक. बायकांच्या पँटींना खिसे द्या. दाखवायला शिवलेली चीर नको, खिसा. त्यात मोबाईल आणि गाडीची किल्ली मावली पाहिजे. एवढं एक केलंत तर तुमची जाहिरात मी फुकट करीन.

कोजागिरी ते कोजागिरी

डोंगराचं सोडा हो, चालण्याचं बोला. दर कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला किती माणूस चालत जातो ते कुणी बघितलंय का? ४५ किलोमीटर, एका रात्रीत. शहरातल्या रूपाभवानीच्या देवळापुढं रस्ता दिसत नाही, नुसती डोकी. गाड्या दुसरीकडून वळवतात, जागोजागी पाणी, चहा, पायाला लावायला मलम.

मी पहिल्या वर्षी जीन्स घालून गेलो होतो. आश्विनात पुलाखाली जरा गार लागतं, बाकी घाम. तामलवाडीपर्यंत घामानं जीन्स अशी जड झाली की मांड्यांना काचायला लागलं. पुढचे वीस-बावीस किलोमीटर मी पाय फाकवून चाललोय. मागचा एक काका सारखा विचारत होता, "पोरा, घोड्यावरनं पडलास का?" देवीच्या दारात पोचलो तेव्हा दर्शनाआधी औषधाचं दुकान शोधलं. पुढच्या वर्षी मित्राची ट्रेकिंगची पँट मागून नेली. घाम आला तसा वाळला. सुती कापड पाणी धरून ठेवतं, पॉलिस्टर-नायलॉन जवळजवळ धरतच नाही, हे शाळेत शिकवलं असेल, मला तामलवाडीला कळलं.

आता आमच्या गल्लीतले अकरा जण मागं लागलेत, असली पँट कुठं मिळते. मी काय सांगू, ऑनलाइन मागवा? ते मापाला घाबरतात. पँट घालून, बसून, मांडी घालून बघितल्याशिवाय आमचा माणूस पैसे काढत नाही. तुमच्या आजोबांनी पँट उलटी करून बघितली ना? ते गिऱ्हाईकच होते. तुमच्याकडं सांगायला गोष्ट चुकीची होती. रिपस्टॉप काय सांगता, "तुळजापूरपर्यंत काचणार नाही" सांगा.

शटर अर्धं खाली

नवी पेठेत आमचं रेडिमेडचं दुकान आहे, त्यामुळे जरा धंद्याचं बोलतो.

नवी पेठेतली वर्दळ खरी आहे, पण ती वर्दळ कुणाची ते बघा. साडी, ड्रेस मटेरियल, लग्नाचा बस्ता, लहान मुलांचे कपडे. घरचं सगळं मंडळ मिळून खरेदीला येतं. तुमची पँट घेणारा माणूस एकटा येतो, गाडी दारात लावायला बघतो, आणि आमच्याकडे गाडी लावायला जागा शोधण्यातच त्याचा उत्साह संपतो. एसटीने येणारा मात्र रिक्षा करून नवी पेठच गाठतो, हेही तितकंच खरं. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक शहरातलं आहे की बार्शी-पंढरपूरचं, यावर गाळा ठरेल. टपालखात्यांनी सांगितलेला हिशेब त्यासाठी करा.

पहिल्या मजल्याचा विचारच सोडा. पहिल्या मजल्यावर शिंप्याकडे जातात, नव्या दुकानात कोणी जात नाही.

किमतीचं एक बघा. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या कपड्याला जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर गेलं की थेट १८. तुमचं जॅकेट २,६००-२,७०० ला बसत असेल तर एखादी चेन, एखादा खिसा कमी करून अडीचच्या आत आणा. शंभर रुपयांसाठी गिऱ्हाईक आणि सरकार दोघंही तुम्हाला धरतात.

करार अकरा महिन्यांचा करा, पण लॉक-इन, म्हणजे गाळा मधेच सोडता येत नाही तो काळ, तीन महिन्यांच्या वर मान्य करू नका. मालक सहा म्हणेल. नवी जागा असेल आणि शेजारचे गाळे रिकामे असतील तर तीनला येतो. फर्निचर करू नका, लोखंडी रॅक आणा, ते उचलून नेता येतात. आम्ही एका गाळ्यात पावणेतीन लाखाचं लाकूडकाम सोडून आलोय, अजून स्वप्नात दिसतं.

बाराबंदी

@कोजागिरी, हे आधी का नाही सांगितलं? मी तीन वर्षं चाललोय, तिन्ही वर्षं काचलंय. मला वाटायचं हे देवीचंच असतं.

तरी जॅकेटावर माझं मत तेच आहे.

माळरान

सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून पत्ते पुन्हा लावले. टपालखात्यांनी माझी विकेटच काढली.

४१३ मधली जेमतेम तिसरा हिस्सा पार्सलं सोलापूर शहराची. बारामती आणि दौंड मिळून जवळजवळ तेवढीच. लातूर वेगळं. उरलेली बार्शी, पंढरपूर, धाराशिव आणि तुळजापूर. भावाचा ४१६ पण असाच फुटला, त्यात सांगली-मिरजच जास्त. त्यामुळे घरात आता कोणीच जिंकलेलं नाही आणि जेवणाच्या ताटावर शांतता आहे.

पण पत्ते लावताना दुसरीच गोष्ट दिसली. कुठं गेलं हे बघत होतो, काय गेलं हे कधी बघितलंच नव्हतं. सोलापूर शहरात जॅकेट वर्षभरात बोटावर मोजण्याइतकी. उन्हाचे शर्ट आणि पँटी भरपूर. शर्ट घेणाऱ्यांतल्या चौघांना फोन लावला. एक द्राक्षबागायतदार, एक साइटवरचा इंजिनिअर, एक सायकलवाले डॉक्टर आणि एक औषध कंपनीचे एमआर, जे दिवसभर दुचाकीवर असतात. चौघांपैकी ट्रेकला आयुष्यात एकजण गेलाय. आमच्या शर्टाच्या लेबलवर यूपीएफ ५० लिहिलंय, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. ते एकालाही माहीत नव्हतं. इंजिनिअर म्हणाला, "मला वाटलं तो साईज आहे."

म्हणजे भाऊ डोंगर शोधत होता, मी पिनकोड शोधत होतो, आणि गिऱ्हाईक उन्हात उभं होतं.

तर तूर्त असं ठरवलंय. नवी पेठ नाही, सात रस्त्याचा जिना नाही. आसरा चौकाचा गाळा, लॉक-इन तीन महिने (मालक साडेचारवर आलाय, अजून ओढतोय). दुकानात जॅकेटांचा एकच रॅक, तोही मागे. पुढे शर्ट आणि पँटी. पाटीवर डोंगराचं चित्र होतं, ते काढायला सांगितलं. कोजागिरीच्या आधी पंधरा दिवस रूपाभवानीच्या बाजूला एखादं शटर भाड्याने मिळतं का बघतोय, तिकडचं कोणी असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. बार्शी-पंढरपूरवाल्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. भावानं एक अट घातलीय, दिवाळीपर्यंत भाडं निघालं नाही तर गुपचूप कोल्हापूर. मान्य केलीय.

@नान्नजची वाट, मातकट रंगाचं कापड कमीत कमी किती मीटर घ्यावं लागेल ते विचारलंय. खिशाचं कटिंगमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "बायकांच्या पँटीला एवढा खोल खिसा? त्यात ठेवणार काय?" मी मोबाईल आणि किल्ली म्हणालो. त्यांना पटलेलं नाही. शनिवारी युनिट चालू असतं, तुम्हीच येऊन सांगा.

नान्नजची वाट

शनिवारी अकराला येते. लेन्सपण घेऊन येते, ती खिशात मावते का बघू.