मदत हवी आहे : रिपीटरचा व्होटर सारखा खरखरणाराच रिसीव्हर निवडतो

सड्यावरून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात आम्ही काही हॅम (हौशी रेडिओवाले) मिळून दोन मीटरच्या पट्टीवरचा (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) एक रिपीटर चालवतो, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेला आवाज त्याच वेळी दुसरीवर पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र. तो घाटमाथ्यावर आहे. त्याचा आवाज देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत खणखणीत येतो. दुखणं उलट दिशेचं आहे. गाडीतल्या २५ वॉटच्या सेटवरून बोललं तर काम होतं, पण खाडीकाठचा माणूस ५ वॉटच्या हँडीवरून (हातातल्या सेटवरून) बोलला की रिपीटर उघडतो-मिटतो आणि अर्धे शब्द गळतात. कागदावर हा फरक ७ डेसिबलचाच. पण वर हँडीचा तो आखूड रबरी अँटेना, आणि आपली गावं सगळी सड्याखाली (कातळाच्या पठाराखाली). आचरा, विजयदुर्ग भागात पूर्वेला कातळच आडवा येतो.

पॉवर वाढवून यात काही होणार नाही हे सगळ्यांना पटलंय. (एक ज्येष्ठ सोडून. ते अजून "शंभर वॉट लावा रे" म्हणतात.) म्हणून ऐकायच्या जागा वाढवल्या. एक रिसीव्हर देवगडकडच्या सड्यावर, दुसरा वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या डोंगरावर. दोन्हीकडे फक्त रिपीटरची इनपुट फ्रिक्वेन्सी ऐकायची आणि ऐकू आलेलं यूएचएफ लिंकने वर पाठवायचं. घाटावरचा स्वतःचा रिसीव्हर धरून तीन आवाज व्होटरकडे, म्हणजे त्यांतला सगळ्यात स्वच्छ निवडणाऱ्या यंत्राकडे, येतात. तो प्रत्येकातली वरच्या पट्टीतली खरखर मोजतो आणि जिच्यात ती सगळ्यात कमी, तो आवाज प्रक्षेपकाला देतो.

इंटरनेटवरून का नाही, हे कोणीतरी विचारणारच. जून २०२० ला निसर्ग वादळात उत्तरेकडे आणि मे २०२१ ला तौक्तेत आमच्याकडे वीज गेली, मागोमाग मोबाइल गेले. ज्या दिवशी रिपीटरची खरी गरज पडते, नेमक्या त्याच दिवशी मुका होणारा लिंक आम्हाला नको.

आता प्रश्न.

कुडाळातून कोणी गाडीवरून बोलतो. घाटावर तो स्वच्छ येतोय हे तिथे हेडफोन लावून ऐकलंय. तरी व्होटर देवगडची फसफसच उचलतो. वेंगुर्ल्याची पाळी क्वचित येते. तिन्ही आवाजांची पातळी १ किलोहर्ट्झच्या टोनवर सारखी लावलेली आहे. घाटावर आणि वेंगुर्ल्याला आवाज थेट डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमध्ये सिग्नलमधून कच्चा आवाज निघतो तिथून) घेतलाय. देवगडचा गाडीत लावायचा जुना रेडिओ सेट आहे, त्याला मागे डेटा सॉकेट नाही, म्हणून तिथे स्पीकरच्या सॉकेटमधून घेतला.

दुसरं म्हणजे, मार्चपासून पाऊस लागेपर्यंत संध्याकाळी देवगडचा रिसीव्हर आपलं कोणी बोलत नसताना उघडतो आणि कुठली तरी लांबची स्टेशनं आमच्या रिपीटरवर ऐकू येतात.

---

लोलक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे : स्पीकरचं सॉकेट.

स्पीकरपर्यंत येईतो आवाजाचं डी-एम्फसिस (प्रक्षेपकाने प्री-एम्फसिसने वाढवलेले वरचे सूर परत खाली आणणं) झालेलं असतं. ते दर सप्तकाला ६ डेसिबल कापतं, म्हणजे १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ३ किलोहर्ट्झला जवळजवळ साडेनऊ डेसिबल कमी. त्यापुढे सेटचा ऑडिओ फिल्टर असतो, तो ३ किलोहर्ट्झच्या वरचं उरलंसुरलंही काढून टाकतो. व्होटर जी खरखर शोधतोय ती देवगडकडून त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याला वाटतं, हा सगळ्यात स्वच्छ. पातळी १ किलोहर्ट्झवर जुळवलीत म्हणून हे लपलं. तराजूच्या एका पारड्याखाली बोट ठेवून वजन केल्यासारखं आहे हे.

सिग्नल जनरेटरने तिन्ही रिसीव्हरना एकाच डेव्हिएशनवर (फ्रिक्वेन्सी जितकी हलते तेवढ्यावर) ४००, १००० आणि २५०० हर्ट्झ द्या आणि व्होटरच्या तोंडाशी पातळी मोजा. आकडे तिन्हीकडे सारखे यायला हवेत. देवगडच्या सेटमध्ये एमसी ३३६१ जातीची आयसी असेल तर तिच्या ९ नंबरच्या पायावर कच्चा आवाज मिळतो. तिथून कपॅसिटर आणि एक बफर घालून, जाळीच्या वायरने बाहेर काढा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारा भाग) आणि व्हॉल्यूम दोन्हींच्या आधीचा आवाज हवा.

लिंकची दोन्ही टोकंही तपासा. लिंकच्या प्रक्षेपकाला माइकच्या सॉकेटमधून आवाज देत असाल तर त्यातलं प्री-एम्फसिस आणि लिमिटर (मोठा आवाज छाटणारा भाग) आणखी घोळ घालतील.

---

खाडीपलीकडे

लोलक यांना +१. दुसऱ्या प्रश्नाबद्दल : ते डक्टिंग. त्या दिवसांत समुद्रावर थंड-दमट हवेवर गरम हवेचा थर बसतो आणि व्हीएचएफ त्यात अडकून शेकडो किलोमीटर जातं. तुमचा देवगडचा अँटेना समुद्राकडे उघडा, तो ऐकणारच. सीटीसीएसएस (आपल्या सेटने बोलण्यासोबत पाठवायचा ओळखीचा बारीक टोन) लावा, आणि टोन देवगडलाच ओळखा, घाटावर नको. टोन नसेल तर लिंकचं प्रक्षेपण सुरू होताच कामा नये. शंभर हर्ट्झच्या वरचा टोन घ्या, लवकर ओळखला जातो. मग सगळ्यांच्या हँडीत तो भरून द्यायचं काम कोणातरी तरुणावर सोपवा.

आणि लिंकची फ्रिक्वेन्सी काय धरलीत? आपल्याला यूएचएफवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढंच मोकळं आणि दोन मीटरचा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल) बरोब्बर तिथेच पडतो. रिपीटरचा आउटपुट १४५.७०० असेल तर ४३७.१०० ला. घाटावर प्रक्षेपक आणि लिंकचा रिसीव्हर एकाच मनोऱ्यावर असतील तर तेवढी जागा टाळाच. नव्या जागांचं डब्ल्यूपीसीला (रेडिओ परवाने देणाऱ्या सरकारी विभागाला) कळवलंय ना?

---

बांधावरलो

ह्यां सगळां बरां आसा, पण पावसात सोलर कसो चालतलो?

---

सड्यावरून

@बांधावरलो, चालतलो! नुसतं ऐकत बसलं तर पाव अँपिअर, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. लिंक बोलतानाच २ अँपिअर ओढतो, तेही दिवसात तासभर धरा. एकूण ८. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभराचं मळभ सोसते. मला जास्त काळजी विजांची आहे. जांभ्यात अर्थिंग धड लागत नाही.

लिंक १४५ च्या तिप्पटीपासून लांब आहे, अर्जही गेलाय. देवगडला जाऊन टोन दिले. २५०० हर्ट्झला तो वेंगुर्ल्यापेक्षा ८ डेसिबल खाली होता. ९ नंबरच्या पायावरून आवाज काढला आणि निवड सुधारली. पण आता मालवणचा माणूस बोलताना व्होटर दोन रिसीव्हरांमध्ये सारखा उड्या मारतो, शब्दाच्या मध्ये टिक-टिक येतं.

---

लोलक

दोघांचे सिग्नल जवळपास सारखे असले की असं होतं. चालू निवड सोडायला नव्याने निदान ३ डेसिबल सरस असलं पाहिजे, असा नियम प्रोग्रॅममध्ये घाला आणि एकदा निवडल्यावर पाव सेकंद तरी बदलू देऊ नका. तेवढ्याने बहुतेक टिक-टिक जाईल.

एक राहिलं. घाटावरचा रिसीव्हर ड्युप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर प्रक्षेपण आणि ऐकणं एकदम चालू देणाऱ्या फिल्टरच्या) मागे आहे, बाकीचे दोन नाहीत. रिपीटर बोलत असताना आणि गप्प असताना, दोन्ही वेळा त्याची संवेदनशीलता मोजा. प्रक्षेपण सुरू होताच तो ३-४ डेसिबलने बहिरा होत असेल तर व्होटर बरोबर वागतोय आणि दुखणं ड्युप्लेक्सरमध्ये आहे.

---

सड्यावरून

हे मोजलेलं नाही. रविवारी वर जातोय, आकडे इथेच टाकतो. ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).