समुद्रकाठचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ का म्हणवत असत?

तेरणाकाठ (धाराशिव) यांचा प्रश्न

नमस्कार. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे ताम्रपट वाचताना एक बिरुद पुन्हा पुन्हा भेटते आणि आमच्या भागातला माणूस म्हणून ते मला स्वस्थ बसू देत नाही. ज्यांची राजधानी ठाणे होती, चौलसारखे बंदर ज्यांच्या ताब्यात होते आणि अंबरनाथचे शिवमंदिर (शके 982, म्हणजे इ. स. 1060) ज्यांच्या काळात उभे राहिले, ते राजे स्वतःला ‘तगरपुराचे अधीश्वर’ म्हणवून घेतात. तगर म्हणजे आपले तेर, गोरोबाकाकांचे गाव. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्याही पलीकडे असलेल्या गावाचे नाव किनाऱ्यावरच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या का मिरवावे? त्यांचे राज्य तेरवर होते असे मला तरी कुठे आढळले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

देवगिरीकर (छत्रपती संभाजीनगर)

प्रश्न फार मोलाचा आहे. आपला तर्क बरोबर आहे, कारण हे बिरुद सत्तेचे नसून कुळाच्या मूळस्थानाचे आहे. त्या काळच्या अनेक घराण्यांनी आपण जेथून आलो असे सांगायचे त्या नगराचे नाव बिरुदात कायम ठेवले, मग ते नगर ताब्यात असो वा नसो. गोव्याचे कदंब समुद्रावर राज्य करीत असतानाही ‘बनवासीपुरवराधीश्वर’ राहिले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण राष्ट्रकूटांचे आहे. मान्यखेटाहून राज्य करणारा अमोघवर्ष स्वतःला ‘लट्टलूरपुरवरेश्वर’ म्हणवतो आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शिलाहार हे प्रारंभी याच राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. स्वामी लातूरचे नाव सांगतो आणि मांडलिक तेरचे, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही.

ठाण्याच्या शाखेप्रमाणेच कोल्हापूरच्या शाखेनेही तगरचे नाव बिरुदात ठेवले, ही गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. दोन वेगळ्या प्रदेशांत रुजलेली घराणी एकाच गावाची आठवण सांगतात, तेव्हा ती आठवण दोघांच्याही स्थलांतराच्या आधीची असण्याची शक्यता वाढते. शिवाय ठाण्याच्या शिलाहारांच्या बिरुदावलीत ‘मलगलगंड’, ‘गंडरगंड’ अशी कानडी वळणाची बिरुदे आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर ती आली कोठून, याचे उत्तर मराठी आणि कानडी एकत्र नांदत असलेल्या आपल्या दक्षिण मराठवाड्याच्या पट्ट्यात शोधणे सयुक्तिक ठरते. तरीही हा पुरावा परंपरेचा आहे. शिलाहारांचा अमुक पूर्वज तेरमध्ये राज्य करीत होता, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

केळणेचे पाणी (भोकरदन)

देवगिरीकरांच्या विवेचनाला एक जोड द्यावीशी वाटते. ज्या नगराचे नाव सांगितल्याने प्रतिष्ठा वाढते, तेच नगर माणूस सांगतो, आणि तगरची प्रतिष्ठा तर शिलाहारांच्या कित्येक शतके आधीपासून समुद्रापार पोहोचलेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासाच्या माहितीपुस्तकात दक्षिणेकडील दोन बाजारपेठा आवर्जून सांगितल्या आहेत. पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असा तो हिशेब आहे. पैठणहून मौल्यवान दगड, तर तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून भडोच बंदराला जात असे. समुद्रकाठच्या प्रदेशांतला मालही आधी तगरला येऊन मग पुढे जाई, असे तो लिहितो. म्हणजे ज्या तेरला आपण समुद्रापासून तुटलेले समजतो, ते किनाऱ्याच्या व्यापाराचे एक नाके होते.

नकाशावर पाहिले तर तगरच्या मालाला भडोचपेक्षा कल्याणचे बंदर अधिक सोयीचे होते, हेही खरे. परंतु त्या काळी कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आले होते आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्याच पुस्तकात नमूद आहे.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी ती अवश्य पाहावी. इटलीत, इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. आमच्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच घडणीचा हस्तिदंती अवशेष मिळाला होता.

पैठणची वाचक

बिरुदाबरोबर कुळकथाही पाहायला हवी. शिलाहार स्वतःला जीमूतवाहन या विद्याधराचे, म्हणजे पुराणकथांतल्या एका अर्धदैवी पुरुषाचे, वंशज म्हणवीत. गरुडाला रोज एक नाग भक्ष्य म्हणून द्यावा लागे. शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली, तेव्हा त्याच्या आईचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन स्वतः वध्यशिलेवर जाऊन बसला आणि अखेर गरुडाला पश्चात्ताप झाला, अशी ती कथा आहे. शिलाहारांच्या ध्वजावर सुवर्णगरुड होता, तो या कथेला धरूनच. ही कथा घडते समुद्रकाठी. किनाऱ्यावर राज्य करणाऱ्या घराण्याला ती आपली वाटली, यात मला नवल वाटत नाही.

आमच्या गावाचाही तिच्याशी संबंध लागतो. ही कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहे, तो ग्रंथ गुणाढ्याच्या लुप्त झालेल्या बृहत्कथेवर आधारलेला आहे आणि गुणाढ्य हा आमच्या पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी होता, असे परंपरा सांगते. शिलाहारांनी कथा नेमकी कोणत्या वाटेने उचलली ते सांगता येणार नाही, पण नगर तेरचे आणि पूर्वज गोदाकाठच्या कथापरंपरेतला, असा हा जोड आहे.

तेरणाकाठ (धाराशिव)

सर्वांचे मनापासून आभार. लातूरचे उदाहरण माझ्या ध्यानात आले नव्हते. आता एकच उपप्रश्न आहे. ठाण्याच्या या घराण्याचा शेवट कसा झाला आणि तेव्हा तेर कोणाच्या राज्यात होते?

देवगिरीकर (छत्रपती संभाजीनगर)

तेर तेव्हा यादवांच्या राज्यात होते आणि ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटही देवगिरीच्या यादवांनीच केला. इ. स. 1265 च्या सुमारास महादेव यादवाने कोकणावर चढाई केली. जमिनीवर पराभव झाल्यावर शेवटचा राजा सोमेश्वर गलबतांत बसून समुद्रात निघाला आणि तेथेच बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, आपल्या प्रशस्तीत सांगतो की महादेवाच्या प्रतापाग्नीपेक्षा सोमेश्वराला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातला अग्नी, सुसह्य वाटला. अर्थात ही जेत्याच्या दरबारातली वाणी आहे, ती तशीच वाचावी.

मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, त्यांपैकी काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबते कोरलेली आहेत आणि ती याच युद्धाची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्यांनी वेळ काढून ते दगड पाहावेत. आपल्याकडच्या वीरगळांवर घोडे, गायी आणि पायदळ दिसते, तर तेथे त्याच चौकटीत जहाजे आहेत.

पैठणची वाचक

तेरच्या संग्रहालयात शिलाहारांच्या या बिरुदाविषयी एक फलक असावा, असे मला फार वाटते. तेरणाकाठ, आपण तेथील मंडळींकडे लेखी विनंती करणार असाल तर मसुदा येथे टाका. वाचन व दुरुस्ती मी करून देईन.