पांढरं जातं, पाळीत जास्त जातं म्हणून पिशवी काढायची? आधी काय पाहावं

समुदाय आरोग्य अधिकारी, जत तालुका

उपकेंद्रात पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या बायका सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात. "पिशवीला सूज आहे, अस्तर जाड झालंय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल," असं त्यांना सांगितलेलं असतं. त्रास म्हणाल तर कुणाला पाळीत खूप जातं, कुणाला नुसतं पांढरं. ऊसतोडीला जाणाऱ्यांना तर टोळी निघायच्या आत उरकून टाकायची घाई. मिरजेला पाठवण्याआधी मी काय तपासू? आणि यातल्या कशाला खरा पुरावा आहे?

फॅमिली डॉक्टर, विटा

ताई, आधी हे दोन त्रास वेगळे करा. दोन्ही एकाच कागदावर आले की ऑपरेशनचं कारण उगाच वजनदार दिसतं. मी रक्तस्रावाचं लिहितो.

तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागतो, मोठ्या गाठी पडतात किंवा आठवडा उलटला तरी थांबत नाही, तर ते खरंच जास्त. नसबंदी झालेली असली तरी पहिली चाचणी गरोदरपणाची, मग हिमोग्लोबिन. तांबी बसवली आहे का ते विचारा, कॉपर-टीने रक्तस्राव वाढतो.

आता "अस्तर जाड". सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर दर महिन्याला पातळ-जाड होतच असतं, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते 14-16 मि.मी. भरणं नेहमीचं आहे. 4 मि.मी.ची मर्यादा पाळी कायमची थांबल्यानंतर ज्यांना रक्त जातं त्यांच्यासाठी आहे. ती चाळिशीतल्या बाईला लावली तर जवळपास प्रत्येकीची पिशवी खराब ठरेल. म्हणून सोनोग्राफीची तारीख आणि शेवटच्या पाळीची तारीख शेजारी शेजारी लिहा. "बल्की" या शब्दालाही घाबरू नका, दोन-तीन बाळंतपणं झालेली पिशवी थोडी मोठी असतेच.

उपचारात पहिली ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्तस्राव कमी करणारी गोळी. 500 मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, त्याही जास्त जाण्याच्या दिवसांतच, साधारण 4 दिवसांपर्यंत. महिनाभर रोज एक गोळी खाऊन "गुण आला नाही" म्हणणाऱ्या बायकांवर हा उपचार झालेलाच नसतो. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ही गोळी द्यायची नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो.

दुसरा उपाय हार्मोनची तांबी, म्हणजे मिरेनासारखी. 2013 साली ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे येणाऱ्या 571 बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या अखेरीस रोजच्या जगण्यावरचा त्रास या तांबीने नेहमीच्या गोळ्यांपेक्षा जास्त कमी केला होता. मात्र पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्याच महिन्यात ती काढून घेते.

सोबत लोहाची गोळी, आणि तासभर आधी-नंतर चहा नको. हिमोग्लोबिन भरल्यावरही गोळी तीन महिने चालू ठेवायची.

स्त्रीरोगतज्ज्ञ, मिरज

पांढरं जाण्यासाठी पिशवी काढणं हा उपचारच नाही. ते पाणी बहुतेक वेळा योनीमार्गातून येतं, आणि तो मार्ग ऑपरेशननंतरही राहतोच. खाज आणि दह्यासारखं असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर जंतूंचा असमतोल. वास-खाज काही नसेल, पाळीच्या मध्यावर पातळ जात असेल, तर ते नैसर्गिक आहे. सरकारी सुरक्षा क्लिनिकमधल्या (गुप्तरोगांवर उपचार करणाऱ्या) हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल 150 मि.ग्रॅ. असतं, योनीदाहासाठी तेच वापरतात. गरोदर बाईला मात्र ते द्यायचं नाही.

कॅन्सरच्या भीतीला उत्तर तपासणीने द्यावं, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागाने अभ्यास झाला, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या तपासणीने, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच केलेल्या व्हीआयएने (गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघणं) तसा ठोस फरक दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर मृत्यू 31 टक्के घटले. म्हणून शिबिरात एकदा व्हीआयए करून विषय संपला असं मानू नका. ॲसिटिक ॲसिड ताजं हवं, लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. घाई केली की पांढरा डाग उठायच्या आधीच "निगेटिव्ह" लिहिलं जातं. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही, पुढे दुर्बिणीची तपासणी असते. पाळी थांबलेल्यांना व्हीआयए फारसं उपयोगी नाही, बघायचा भाग आत सरकलेला असतो.

ताबडतोब पाठवायच्या त्या या: संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी थांबून वर्ष झाल्यावर रक्त, आणि चाळिशीनंतर अनियमित झालेला रक्तस्राव. यांची बायॉप्सी ओपीडीतच, भूल न देता होते. तिचा रिपोर्ट येईपर्यंत पिशवी काढायची तारीख ठरवू नये.

समुदाय आरोग्य अधिकारी, जत तालुका

आणि ज्यांचे बीजकोशही काढलेत त्यांचं काय? अडतिसाव्या वर्षी गरम वाफा येतात म्हणून दोघी आल्यात.

फॅमिली डॉक्टर, विटा

त्यांना लगेच पाठवा. त्यांची रजोनिवृत्ती बरीच वर्षं आधी आली आहे, हाडं आणि हृदय दोन्हींवर ताण येतो. यावर हार्मोन देतात. "हार्मोनने कॅन्सर होतो" ही भीती 2002 सालच्या अमेरिकी अभ्यासातून आली, पण त्यातल्या बायका 50 ते 79 वयाच्या होत्या, सरासरी 63. तो निष्कर्ष अडतिशीच्या बाईला लागू नाही. स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळीचा इतिहास नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन देतात, आणि पिशवी नसल्यामुळे सहसा एकटं चालतं. कॅल्शियमची गोळी त्याची जागा घेत नाही.

पुढच्या चिठ्ठीवर एवढं लिहून पाठवा: शेवटची पाळी, सोनोग्राफीची तारीख, हिमोग्लोबिन, गरोदरपणाची चाचणी, कोणती गोळी किती दिवस आणि कशी घेतली, व्हीआयए किंवा एचपीव्ही कधी झाली. बीजकोश ठेवणार का काढणार, आणि का, हे सहीच्या कागदावर लिहून घ्यायला बाईला सांगा.