मिरजेत संगीतासाठी वास्तू बांधायची आहे, सल्ला हवा

कृष्णाकाठ

नमस्कार. मिरजेतील आमच्या संगीत मंडळाला एका सभासदाने सुमारे 500 चौरस मीटर मोकळी जागा देऊ केली असून तिच्यावर दुमजली इमारत बांधण्याचा विचार आहे. ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुस्करांना तालीम दिली आणि जिथे अब्दुल करीम खाँसाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, त्या गावात आज तबल्याच्या विद्यार्थ्याला संध्याकाळी दोन तास वाजवण्यासाठी शेजाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागते, ही आमची खरी अडचण आहे. कार्यकारिणीतील बहुतेकांना मात्र 400 खुर्च्यांचे वातानुकूलित सभागृह हवे आहे. मला ते पटत नाही, पण विरोध करायचा तर हाताशी काही ठोस मुद्दे हवेत. आराखडा पक्का होण्यापूर्वी वास्तुरचनाकार, शिक्षक आणि वाद्ये घडवणाऱ्या मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

विटामाती

मी वास्तुरचनाकार आहे. 400 आसने, मंच, रंगपट, स्वच्छतागृहे आणि वाहनतळ एवढ्यातच तुमची जागा संपेल, आणि मोठ्या कार्यक्रमांसाठी गावात बालगंधर्व नाट्यमंदिर आहेच. त्याऐवजी ऐंशी-शंभर श्रोत्यांची एक बैठक आणि रियाजाच्या सहा-सात खोल्या बांधाव्यात, असे मी सुचवेन.

बैठकीचे दालन 10 बाय 8 मीटर आणि 4 मीटर उंच धरू, म्हणजे 320 घनमीटर. नुसता गिलावा आणि फरशी असलेल्या अशा रिकाम्या दालनात आवाज पूर्ण विरायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि तानेतला मागचा स्वर पुढच्यावर चढत राहतो. सत्तर माणसे सतरंजीवर येऊन बसली की तोच काळ सव्वा सेकंदाच्या आसपास येतो, कारण माणसांचे कपडे आणि शरीरे आवाज शोषतात. ख्यालाला एक-सव्वा सेकंद मानवतो. म्हणून दोन भिंतींना सरकते जाड पडदे ठेवावेत. रिकाम्या दालनात रियाज असेल तेव्हा ते ओढून घ्यावेत आणि मैफल भरली की बाजूला सारावेत. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचे टाटा थिएटर 1980 मध्ये उघडले, ते भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय ऐकता यावे याच हेतूने. तेथे हजार आसनांसाठी जे साधले, ते शंभरांसाठी साधायला अवघड नाही.

रियाजाच्या खोल्या घनाकृती नसाव्यात. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही 3 मीटर असतील तर सुमारे 57 हर्ट्‌झ आणि त्याच्या पटीतले स्वर तिन्ही दिशांनी एकदमच घुमतात. मग डग्ग्याचा एखादा घुमारा फुगतो आणि दुसरा हरवतो. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक पाच-सहा अंशांनी तिरकी घेतली, तर टाळी वाजवल्यावर येणारी झणझणही जाते. कथकचा वर्ग तळमजल्यावरच ठेवा. वर तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, सुरू असताना खाली तंबोरा लावणे कोणालाही शक्य नाही.

काळी_एक

मी तबला शिकवतो. मागील जागी आम्ही नऊ इंची विटांच्या भिंती बांधून घेतल्या, खर्चही भरपूर झाला, आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजोबांनी दार ठोठावले. दोष भिंतीत नव्हता, दारात होता. दाराखाली बोटभर फट होती आणि वर हवेसाठी जाळी. दार-भिंतीच्या एकूण क्षेत्रफळात एक टक्का जरी मोकळी फट राहिली, तरी सगळ्या मिळून जेमतेम 20 डेसिबल आवाज अडतो, मग भिंत कितीही जाड असो. परीक्षा सोपी आहे: रात्री खोलीत दिवा लावून दार बंद करावे आणि बाहेर अंधारात उभे राहावे, प्रकाशाची रेघ दिसली की आवाजही तेथूनच जाणार. भरीव दार, चारी बाजूंना रबरी पट्टी आणि हवेसाठी आतून अस्तर लावलेला वळणदार मार्ग, एवढे केल्यावर आजोबांची तक्रार थांबली. निवासी भागात रात्री दहानंतरची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे, हे कार्यकारिणीला आवर्जून सांगा. तबल्याची खोली आणि गायनाच्या खोल्या यांच्यामध्ये कोठार किंवा जिना येऊ द्या.

जवारी

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे घडवले जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सत्कार झाले, पण काम आजही अरुंद गाळ्यातच चालते. या इमारतीत दुरुस्तीचा एक कक्ष ठेवलात तर गायक आणि कारागीर एका छताखाली येतील. जवारी काढताना, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून झंकार जुळवताना, कानस किती चालवायची हे तारेचा नाद ऐकूनच ठरते. त्यामुळे कक्षाला उत्तरेचा उजेड आणि शांतता दोन्ही लागतात. डोक्यावर घरघरणारा पंखा असेल तर कान फसतो. आम्ही जमिनीवर बसून काम करतो, म्हणून खिडकीची कड खाली हवी. तंबोऱ्यासाठी सोलापूर जिल्ह्यातून येणारे वाळलेले भोपळे टांगण्यासाठी उंच, कोरडी जागा लागते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश होते, तिचा वास आणि पेट घेण्याचा धोका लक्षात घेऊन ते काम स्वतंत्र, हवेशीर खोलीत व्हावे. विद्यार्थ्यांसाठी पाच फूट उंचीची कुलपाची कपाटेही ठेवा, म्हणजे तंबोरा स्कूटरवर उभा धरून आणणारी मुलगी दिसणार नाही.

विटामाती

या मुद्द्यांत आणखी काही गोष्टी जोडतो. तळघर अजिबात नको. 2019 आणि 2021 चा कृष्णेचा पूर आठवावा. आवाज शोषण्यासाठी स्वस्त फोम लावू नका, तो भडकतो. कापडाखाली रॉकवूल, म्हणजे न पेटणारी दगडी लोकर, चालेल. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळाले, म्हणून बाहेर पडण्याचे दोन मार्ग आणि अग्निशमनाची पाण्याची टाकी आराखड्याच्या पहिल्याच कागदावर असू द्या.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. परवा कार्यकारिणीत दिव्याची परीक्षा आमच्या सध्याच्या वर्गावरच करून दाखवली. दाराखालून उजेड थेट व्हरांड्यापर्यंत आला आणि सभागृहाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. आता दुरुस्तीचा कक्ष तळमजल्यावर कथकच्या शेजारी घ्यावा की वर, एवढे ठरायचे आहे. जवारी, आपल्याला वर भोपळे चढवणे जड जाईल का?

जवारी

भोपळे हलकेच असतात, ते चढवू. कथकशेजारी मात्र जवारी निघणार नाही.